मेंढरामागं गेलेल्यांची नावं

कोतवालाला किस्से शोधायला जावं लागत नाही. चौतीस वर्षं मी गावात दवंडी दिली आणि दारोदार नोटिसा वाटल्या. सरकारी कागद हातात घेऊन दारात उभं राहिलं की माणूस एक तर खरं बोलतो, नाहीतर धडधडीत खोटं. दोन्ही लक्षात राहतं. असं करता करता डोक्यात ढीग लागतो.

मी शिकलो चौथीपर्यंत. पण मतदार यादी वाचता येते, आणि कुठल्या घरात कुणाचं नाव ते न वाचताही सांगता येतं. म्हणून निवृत्त झालो तरी यादीचं काम निघालं की अंगणवाडीच्या सुनंदाबाई मला बोलावतात. आमच्या बूथची यादी त्यांच्याकडं आहे. माहेर घोडेगावचं, गावात येऊन सहा वर्षं झाली, पण वाड्या-वस्त्यांवरची घरं अजून चुकतात. मला काका म्हणतात आणि स्कूटीवर मागं बसवतात. बाईमाणसाच्या मागं स्कूटीवर बसणं मला पटत नाही. पण आता पाय चालत नाहीत, आणि यादी चुकलेली त्याहून पटत नाही.

ह्या वर्षी मात्र डोकं फिरलं. का ते सांगतो.

*

दिवाळी झाली आणि तालुक्यावरून बाईंच्या हातात अकरा फॉर्म आले. सात नंबरचे.

सहा नंबर म्हणजे नवं नाव लावा. आठ नंबर म्हणजे चूक दुरुस्त करा किंवा पत्ता बदला. आणि सात नंबर म्हणजे अमक्याचं नाव काढून टाका. घरातलं कुणी मयत झालं तर घरची माणसं हाच फॉर्म भरतात. हे अकरा मात्र जिवंत माणसांचे होते. कारण सगळ्यांपुढं एकच लिहिलेलं, ‘गावात राहत नाहीत’.

पहिलं नाव माझ्या थोरल्या भावाचं. भिवा.

आमचं घर मेंढरवाल्यांचं. बापाच्या माघारी मी शेती आणि कोतवालकी धरली, थोरल्यानं मेंढरं. बेल्ह्याच्या बाजूला आमचा कोरडा मुलूख, दिवाळीनंतर चारा राहत नाही. मग वाडीतली माणसं मेंढरं घेऊन निघतात. मढवरून पुढं माळशेज घाट उतरून कोकणात जातात आणि आखाडाच्या तोंडाला घरी येतात. आमच्या आज्याच्या आधीपासून हे असंच आहे. आणि यादीचं काम निघतं नेमकं दिवाळीनंतर.

हरकत घेणारा आप्पाशेठ. आमच्याच गावचा, आमच्याच यादीतला. मंचरला कांदा-बटाट्याचा मोठा व्यापार. मागच्या ग्रामपंचायतीला त्याचा पुतण्या सात मतांनी पडला होता. ग्रामपंचायतीची यादी ह्याच यादीवरून निघते. अकरातून सात गेले किती, हे चौथीतल्या माणसालाही कळतं.

थोरल्यानं आजवर एक मतदान चुकवलेलं नाही. एकदा मुरबाडहून विटांच्या ट्रकवर बसून आला होता. त्याचं नाव काढायचं म्हणे.

“काका, लगेच जात नाही नाव,” बाई म्हणाल्या. “दोन्हीकडच्यांना नोटीस निघेल. साहेबांसमोर सुनावणी होईल.”

“आणि तवर?”

“तोवर बाकीची घरं करायची आहेत. बसा मागं.”

*

लोकांचाही राग येतो. आप्पाशेठ परका नाही, आपल्यातूनच निघतो.

वरच्या आळीचा दगडू भोसरीला कंपनीत आहे. मागच्या निवडणुकीला सुट्टी टाकून गावी आला. इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत तासभर उभा राहिला. आत गेला तर यादीत नाव नाही.

बाहेर मी टेबलावर यादी घेऊन बसलो होतो, तिथं आला. “माझ्याकडं कार्ड हाय,” म्हणाला. प्लॅस्टिकचं, चकचकीत.

“कार्ड असू दे. तुझं नाव भोसरीला गेलंय,” मी म्हणालो. “पत्ता बदलायचा फॉर्म भरला होतास का कुठं?”

“त्ये व्हय? क्यांटीनमधी एक फॉर्म आल्ता. समद्यांनी सह्या केल्या, मी बी केली.”

“वाचला होतास?”

“जेवत व्हतो ना, राव.”

माणसाचं नाव एकाच जागी असतं. दोन गावांत दोन नावं ठेवली तर तो गुन्हा आहे. आणि कार्ड म्हणजे मत नव्हे. कार्डानं फक्त कळतं की तू तूच आहेस. मत यादीत असतं, आणि यादी निवडणुकीच्या आधी कुणालाही बघायला मिळते. बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायचा तर हा दगडू चार वेळा दात बघतो. स्वतःचं नाव एकदाही बघत नाही.

त्यानं कार्ड टेबलावर आपटलं. “मग ह्ये दिलंय कशाला?”

बंदोबस्ताचा पोलीस तिथंच उभा होता. त्यानं कार्ड उचलून बघितलं आणि परत दिलं. “ठेवा भाऊ. फोटो चांगला आलाय.”

*

न्हाव्याच्या दुकानात एक पोरगा रोज येऊन बसतो. वय तेवीस. आमदारापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना शिव्या देतो. सगळं त्याला मोबाईलवर कळतं.

त्या दिवशी मी आणि बाई दुकानावरून चाललो होतो. पोरगा दाढीला बसलेला, तोंडाला फेस, तरी बोलणं चालूच.

बाईंनी दारातूनच विचारलं, “तुझं नाव लावलंस का यादीत?”

“मतदान करून काय व्हतंय, म्याडम? समदे चोर.”

“म्हणजे लावलं नाहीस.”

“मी कुणाच्याच बाजूचा न्हाई.”

पाच वर्षं हे कार्टं गावाचे कान खातंय आणि यादीत नावच नाही. मी बोलणारच होतो. पण आमचा न्हावी माझ्याहून वस्ताद. त्यानं एक गाल साफ केला, वस्तरा पुसला आणि पेटीत ठेवला.

“काका, दुसरा गाल ऱ्हायला की,” पोरगा त्याला म्हणाला.

“बाईंकडून सहा नंबर घे. आधारची झेरॉक्स आन, फोटो आन. मग करतो.”

पोरगा हसला. न्हावी हसला नाही, पेपर वाचत बसला. पाऊण तासानं पोरगा रुमालानं अर्धं तोंड झाकून झेरॉक्सच्या दुकानात उभा होता.

*

ग्रामपंचायतीच्या एका मेंबरच्या घरी गेलो. घरात मुलगी, कॉलेजला जाणारी. बाईंनी वय विचारलं.

“तिचं काय घाईचं न्हाई,” बाप म्हणाला. “औंदा लगीन बघतोय. सासरचीच लावत्याल नाव.”

असली घरं मी किती बघितली. मुलगी बापाकडं असते तेव्हा ‘सासरी लावतील’, आणि सासरी गेली की ‘माहेरी असेल की’. तिशीला येतात तरी बायांचं नाव कुठंच नसतं. मी त्याला म्हणालो, “मेंबर, एक जानेवारी, एक एप्रिल, एक जुलै, एक ऑक्टोबर. ह्यातल्या ज्या तारखेला अठरा पुरी, त्या तारखेला नाव लागतं. सतरा झाली की फॉर्म आधीच देता येतो. लग्नाचा त्यात कुठं रकाना नाही.”

“कोतवाल, घरातलं घरात ऱ्हाऊ द्या.”

तेवढ्यात मुलगी आतून आली. हातात शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि दोन फोटो. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत तयारच होतं.

“बाई, हितं लावा. लगीन ठरलं तर आठ नंबर भरून तिकडं नेते.”

“आन न्हाई ठरलं तर?” बाप गुरकावला.

“मग हितंच हाय की, दादा. तुमच्याच वॉर्डात. उभं ऱ्हाताना माझ्याकडं बी हात जोडत या.”

मेंबरनं चहा सांगितला. बिनसाखरेचा आला.

*

एका घरात मी कमी पडलो, तेही सांगतो.

म्हातारा जाऊन तीन वर्षं झालेली. यादीत नाव तसंच. मयताचं नाव राहिलं की त्याच्यावर कुणीतरी बोगस मत टाकतं, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून मी दारातूनच मुलावर तोंड टाकलं. “बापाचा मृत्यूचा दाखला जोडून सात नंबर भरायला तीन वर्षं लागतात का रे?”

तो खाली बघून म्हणाला, “आई नको म्हणती.”

म्हातारी आतच होती. म्हणाली, “भाऊ, मतदानाच्या आदी चिठ्ठी येती ना नावाची, तेवढीच येती आता त्यांच्या नावानं. बाकी लाइट बिल, सातबारा, समदं पोरांनी बदलून घेतलं.”

देव्हाऱ्यात टाकाच्या मागं दोन चिठ्ठ्या घडी करून ठेवलेल्या होत्या.

बाईंनी फॉर्म पिशवीतून काढला आणि परत आत ठेवला. मी बाहेर येऊन स्कूटीपाशी उभा राहिलो. मग मीच आत गेलो आणि म्हणालो, “वहिनी, अंगठा द्या. नाव काढावं लागतंय.”

तिनं दिला. त्या दिवशी पुढची घरं केली नाहीत.

*

सुनावणीच्या नोटिसा आल्या. अकरा मेंढरवाल्यांना आणि एक आप्पाशेठला.

वाडी बंद. नोटीस दाराला चिकटवून आलो असतो तर चाललं असतं. पण सुनावणीला कुणी आलं नसतं आणि नावं गेली असती. आप्पाशेठचा डावच तो होता. बाईंनी स्वतःच्या सुट्टीचा रविवार काढला. जुन्नरला जाऊन आम्ही मढची यष्टी धरली.

मेंढरं शोधावी लागली नाहीत. कंडक्टरलाच माहीत होतं कुठल्या भातखाचरात बसलीत ते. तिकडं भात निघालं की डोंगरातली माणसं आमची मेंढरं आपल्या खाचरांत बसवून घेतात. जमिनीला खत मिळतं, आमच्या माणसांना दाणे मिळतात.

थोरला बांधावर बसला होता. मी नोटीस वाचून दाखवली.

“आप्पानं घेतली हरकत?” तो म्हणाला. “कुठला आप्पा? आपला?”

“आपला कसला?”

“आरं त्याच्या बापाच्या मळ्यात बसवायचो की आपून मेंढरं. भाकरी आनून द्यायचा हा आप्पा.”

मला राग आला होता आणि ह्याला येत नव्हता. मला त्याचाही राग आला.

राग आला तो त्याच्या सुनेला. तिनं कागद स्वतः वाचला. ती दहावी आहे. “गावात ऱ्हात न्हाई म्हनं. माझ्या दोन पोरांचे जन्माचे दाखले ग्रामपंचायतीनं दिलं ते काय बांधावरचं धरून दिलं?”

खाचराचा मालक डोंगरातला म्हातारा, बुधाजी. तो आमच्यात येऊन बसला. “तिकडं नको झाली असतील तर आमच्या यादीत लावा की ह्यांची नावं. दरसाल येत्यात. आमच्यातलीच हायेत.”

“आजोबा, पंधरा दिवस मुक्काम केला म्हणून नाव लागत नाही,” बाई म्हणाल्या. “कायमचं घर जिथं, तिथंच नाव.”

“बघ, नामा,” थोरला मला म्हणाला. “बाईला कळतंय. आप्पाला कुनी सांगितलं न्हाई वाटतं.”

अकरा सह्या-अंगठे एका दुपारी झाले. सुनावणीला थोरल्यानं सगळ्यांच्या वतीनं यायचं ठरलं, बाकीच्यांनी कागद लिहून दिला. मेंढरं टाकून सगळ्यांना येता येत नाही.

*

राहिली बारावी नोटीस.

आप्पाशेठनं फॉर्मवर पत्ता आमच्या गावचा लिहिला होता, कारण हरकत घ्यायची तर याच यादीतला मतदार असावा लागतो. आम्ही त्या पत्त्यावर गेलो. घर दगडी, चांगलं. दाराला कुलूप. कुलपावर गंज. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी पोळं केलेलं, हाताच्या पंजाएवढं.

शेजारच्या हौसाबाई धुणं वाळत घालत होत्या. बाईंनी विचारलं, “शेठ कधी असतात घरी?”

“कुठल्या घरी?”

“ह्या.”

हौसाबाईंनी दांडीवरचं लुगडं सारखं केलं. “मंचरला बंगला बांधल्यापासून न्हाई बघितलं बाई उघडं दार. त्या माश्यांना विचारा.”

नोटीस द्यायची तर सही लागते. बाईंनी हौसाबाई आणि एक गडी असे दोन पंच उभे केले आणि फोन लावला. स्पीकरवर ठेवला.

“शेठ, सुनावणीची नोटीस आहे. तुमच्या घरासमोर उभी आहे.”

“मंचरला आणून द्या की.”

मी मध्ये बोलणार होतो. मेंढरांमागं मढला गेलो, पण ह्याच्या बंगल्यावर पाऊल टाकणार नव्हतो. बाईंनी हातानं मला थांबवलं.

“मंचरला यायला काही नाही, शेठ. पण तुम्ही पत्ता हा लिहिलाय.”

“लिहिलाय, पण अहो बाई, मी तिथं राहतो का?”

हौसाबाईंच्या हातात ओलं धोतर तसंच राहिलं.

“शेठ,” बाई म्हणाल्या, “एवढं जरा पुन्हा बोला. पंच लिहून घेतायत.”

फोन बंद झाला. पंचनामा मी सांगितला, बाईंनी लिहिला. नोटीस चिकटवताना एक माशी मला चावली. बोट दोन दिवस सुजलेलं होतं.

*

सुनावणी तालुक्याला. साहेब तरुण, नव्यानं आलेले. आप्पाशेठ गाडीतून आला, बरोबर फाइल. थोरला यष्टीनं आला, बरोबर काठी आणि घोंगडं. खुर्ची दिली तर म्हणाला, “उभा बरा हाय.”

साहेबांनी विचारलं, “आजोबा, वर्षातून गावात किती दिवस असता?”

“पावसाचं चार म्हैनं.”

“आणि बाकी?”

“मेंढरं असत्याल तिथं.”

आप्पाशेठ म्हणाला, “ऐकलं ना साहेब?”

“तुम्ही थांबा. आजोबा, मग तुमचं घर कुठलं?”

थोरल्याला प्रश्नच कळेना. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “घर हितंच, सायेब. देव हितं. रेशन हितं. बाप हितं गेला, आई हितं गेली. आमच्यातलं कुनी कोकणात मेलं तरी माती द्यायला हितंच आनत्यात. दुसरं घर न्हाईच.”

साहेबांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, “ह्याला कामासाठी तात्पुरतं बाहेर जाणं म्हणतात. त्यानं नाव जात नाही. अकराही नावं यादीत राहतील.”

“ऱ्हातील?”

“राहतील.”

“मग ह्येच आदी सांगायचं, सायेब. तीन दिस झालं, मेंढरं सून एकटी वळतीय.”

आप्पाशेठ फाइल आवरायला लागला. साहेबांनी त्याला बसवलं. त्यांच्यापुढं बाईंचा पंचनामा होता. तो त्यांनी मोठ्यानं वाचला, गंजलेल्या कुलपापासून फोनवरच्या बोलण्यापर्यंत. गांधीलमाश्याही वाचल्या. ऑफिसातला क्लार्क खिडकीबाहेर बघायला लागला. फॉर्मच्या खाली छापलेलं असतं की खोटं लिहिलं तर शिक्षा होते. साहेबांनी तेही वाचलं.

आप्पाशेठच्या मानेवर घाम आला होता. मी चौतीस वर्षं ह्या ऑफिसच्या दारात उभा राहिलो, पण एवढं बरं मला तिथं कधी वाटलं नव्हतं. कोरा सात नंबर मी खिशात घालूनच नेला होता.

साहेब थोरल्याकडं वळले. “आजोबा, तुम्हीही याच यादीतले मतदार आहात. ह्यांच्या नावावर तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर घेता येते. घ्यायची आहे?”

मी फॉर्म काढून टेबलावर ठेवला. शाईचं पॅड क्लार्कनं न सांगता पुढं सरकवलं.

थोरल्यानं फॉर्म बघितला. त्याला वाचता येत नाही. मग आप्पाशेठकडं बराच वेळ बघितलं.

“ऱ्हाऊ द्या, सायेब,” तो म्हणाला. “गणपतीला येतो त्यो दोन दिस, आरतीपुरता का हुईना. त्याला तरी दुसरं गाव कुठं हाय?”

घोंगडं खांद्यावर टाकलं आणि मला विचारलं, “नामा, मढची यष्टी किती वाजता रं?”